ही पायरी सरळ न्हाई

टूर मॅनेजर म्हणून अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर मी कितीतरी ग्रुप नेलेत. तिथे माहिती सांगायची ती परवानाधारक स्थानिक गाइडनेच. मी शेजारी उभी राहून तिचं बोलणं मराठीत सांगते. त्यामुळे तिथलं अथेना देवीचं देऊळ, पार्थेनॉन, मला तोंडपाठ होतं. इसवी सनपूर्व 447 मध्ये काम सुरू झालं, इक्टिनॉस आणि कॅलिक्रेटीस हे वास्तुकार, समोर 8 खांब, बाजूला 17.

गेल्या जूनच्या ग्रुपमध्ये सांगलीकडचे एक काका होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले, मुलाने हौसेने पाठवलेले. गाइड अथेनेच्या मूर्तीबद्दल सांगत होती आणि काका दिसेनात. बघते तर देवळाच्या कोपऱ्याशी, दोरीच्या अलीकडे उकिडवे बसलेले. ऊन लागलं असेल म्हणून पाण्याची बाटली घेऊन धावले.

"ताई, ही पायरी सरळ न्हाई. मधी पोट आलंय."

"खचली असेल काका, अडीच हजार वर्षं झाली."

"खचली असती तर मधी खड्डा दिसला असता. ही उचललीय. बसा खाली, एक डोळा मिटा."

बसले. पायरीची कड हळूहळू वर चढत गेली होती आणि पलीकडचं टोक फुगवट्याआड गेलं होतं. इतक्या फेऱ्यांमध्ये मी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

गाइडला बोलावलं. तिचा चेहराच खुलला. लांब बाजू सुमारे 69.5 मीटर, मधोमध साधारण 11 सेंटिमीटर उचललेली. एवढी लांब सपाट रेघ डोळ्याला खचलेली वाटते, म्हणून जोतं मधे उचलायचं, असं रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने लिहून ठेवलंय.

"असंल," काका म्हणाले, "पण पावसाचं पाणी बी निघून जातं की."

मी ते तिला सांगितलं. काही अभ्यासक अगदी हेच म्हणतात, असं ती म्हणाली.

तोवर काकांनी घराच्या चाव्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून हात लांब धरला होता. ओळंबा! कोपऱ्यातल्या खांबाची बाहेरची कड वर जाताना जास्त आत झुकत होती, आतली कमी. खांब नुसता वर निमुळता असता तर दोन्ही कडा सारख्याच आत आल्या असत्या. म्हणजे अख्खा खांबच आत कलवलेला. साडेदहा मीटरच्या आसपास उंची आणि कल जेमतेम 6-7 सेंटिमीटर. तो चाव्यांच्या जुडग्याने सापडला.

आमचा सगळा ग्रुप एक डोळा मिटून उभा होता. खाली बस थांबली होती, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

निघताना काकांनी विचारलं, "ह्यो कोपऱ्यातला खांब बाकीच्यांपेक्षा जाड हाय का?"

गाइडने मान डोलावली. सुमारे 4 सेंटिमीटरने.

"करायलाच पायजे. मागं नुसतं आभाळ हाय, बारीक दिसला असता."