बॅकअपवर बटर पेपर

शुक्रवारी दुपारी चारला काकांचा फोन आला. नारायण पेठेत त्यांचा छापखाना आहे आणि तिथला सर्व्हर मी सांभाळतो. "अरे, कवितांचा विभागच गायब झालाय. सोमवारी प्लेट काढायच्यात. लगेच ये." दिवाळी अंकाच्या दिवसांत छापखान्यातून असा फोन आला की कारणं विचारत बसायचं नसतं. लक्ष्मी रोडच्या खरेदीच्या गर्दीत गाडी घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मुठेच्या पुलाअलीकडेच ती लावली आणि चालत गेलो.

कारण तिथे गेल्यावर कळलं. दरवर्षी गेल्या वर्षीच्या अंकाचा फोल्डर कॉपी करून नवा अंक सुरू होतो, म्हणजे मांडणी आणि फाँट तयार मिळतात. यंदा मांडणी करणाऱ्या ताईंनी कवितांची पानं चुकून जुन्याच फोल्डरमध्ये लावली होती, आणि गुरुवारी दुपारी कुणीतरी जागा करायला म्हणून जुना फोल्डर उडवला. सांबा शेअरवरून, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमधून, उडवलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. सांबाची स्वतःची रिसायकल बिन असते, पण ती चालू करावी लागते, आणि मी केलेली नव्हती. त्यामुळे त्या 'कुणीतरी'ला बोलायला मला तोंड नव्हतं.

बॅकअप मात्र होता. सर्व्हर म्हणजे केव्हीएम या सॉफ्टवेअरवर चालणारं एक व्हर्च्युअल मशीन, मशीनच्या आतलं मशीन, आणि त्याची डेटाची डिस्क म्हणजे ३०० जीबीची क्यूकाउ२ प्रकारची एक फाइल. रविवारी पूर्ण बॅकअप होतो, बाकीच्या रात्री साडेदहाला फक्त बदललेला भाग, आदल्या रात्रीच्या फाइलवर रचलेला. हे सगळं एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर असतं आणि तो शेअर माझ्या लॅपटॉपला रीड-ओन्लीच, फक्त वाचण्यापुरता, दिसतो. मला बुधवार रात्रीची फाइल हवी होती.

क्यूईएमयू-एनबीडी या टूलने ती फाइल रीड-ओन्ली जोडली. ती डिस्कसारखी दिसायला लागली, पार्टिशनही दिसलं. माउंट करायला, म्हणजे आतल्या फाइली उघडायला गेलो तर नकार. लिनक्सच्या कर्नलच्या लॉगमध्ये ओळ होती: रीड-ओन्ली फाइलसिस्टिमवर रिकव्हरी हवी आहे, लिहायची परवानगी नाही, 'नोलोड' वापरून बघा.

बॅकअप चालू मशीनचा घेतलेला होता. म्हणजे ईएक्सटी४ या तिच्यावरच्या फाइलसिस्टिमच्या दृष्टीने ती डिस्क अचानक लाइट गेलेल्या मशीनची. अशा वेळी माउंट करताना ही फाइलसिस्टिम आधी जर्नलमधली, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतली, अर्धवट कामं पुरी करते. तुम्ही 'फक्त वाचायचंय' असं सांगितलं तरी करते, आणि ते करायला डिस्कवर लिहावं लागतं.

मग 'नोलोड' दिलं, म्हणजे जर्नलकडे बघूच नकोस. माउंट झालं! कथा आल्या, लेख आले, जाहिराती आल्या. कवितांच्या फोल्डरवर आलो आणि समोर 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग', म्हणजे फोल्डरची रचना बिघडलेली. ताईंना विचारलं, "बुधवारी रात्री साडेदहाला काय करत होतात?"

"पानं लावत होते. आणखी काय करणार या दिवसांत?"

म्हणजे नेमकी तीच पानं सेव्ह होत असताना बॅकअप निघाला होता. त्या फोल्डरचे शेवटचे बदल जर्नलमध्ये होते, जागेवर पोचायचे राहिले होते. आणि जर्नल तर मीच बाजूला ठेवलं होतं.

काका म्हणाले, "एनएएसचा पासवर्ड आहे ना आपल्याकडे? काढून टाक ते रीड-ओन्ली." मोह मलाही झाला. पण बुधवारच्या फाइलवर गुरुवारची रचलेली. खालच्या फाइलमध्ये अक्षरभर जरी लिहिलं तरी वरची बिघडते. शिवाय कवितांची शेवटची पानं फक्त तिथेच होती. पूर्ण साखळी उतरवून घ्यायला लॅपटॉपवर जागा नव्हती.

तेव्हा कोरी क्यूकाउ२ फाइल लॅपटॉपवर बनवली आणि बुधवारची फाइल तिचा पाया म्हणून दिली. पायाचा फॉरमॅटही स्पष्ट सांगावा लागतो, क्यूईएमयू ६.१ पासून त्याशिवाय ती बनतच नाही. ही नवी फाइल जेमतेम २०० केबीची. वाचायचं ते खालून येतं, लिहिलं ते वरच्या फाइलमध्ये साठतं, खालच्या फाइलला धक्का नाही. काकांना हे सांगत होतो तर मध्येच म्हणाले, "म्हणजे आर्टवर्कवर बटर पेपर चिकटवून त्यावर करेक्शन लिहायचो, तसंच की!" इतकी वर्षं मी लोकांना हे याहून वाईट समजावत आलोय.

आधीचं एनबीडी सोडवून नवी फाइल जोडली, या वेळी रीड-ओन्ली न म्हणता. डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये 'आरओ'च्या, म्हणजे रीड-ओन्लीच्या, रकान्यात १ होता तिथे ० आला. साधं माउंट केलं. लॉगमध्ये 'रिकव्हरी कम्प्लीट'. कवितांचा फोल्डर उघडला, आत सगळी पानं.

पानं सर्व्हरवर परत ठेवताना, फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला 'न्यूमेरिक-आयडीज' (फाइलचा मालक नावाने नाही, आकड्याने ओळख) द्यायला विसरलो नाही. माझ्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर एकाच नावाचे युजर वेगवेगळ्या आकड्यांचे आहेत, तो आकडा हलला की ताईंना स्वतःचीच फाइल सेव्ह करता येत नाही. हे एकदा भोगलंय.

ताईंनी पानं एकेक करून उघडली. गुरुवारी सकाळी केलेल्या दुरुस्त्या अर्थातच नव्हत्या, त्या बॅकअपनंतरच्या. पण त्यांच्याकडे लाल शाईने खुणा केलेलं कागदी प्रूफ होतं. चष्मा लावून त्या पुन्हा बसल्या.

मी अनमाउंट केलं, एनबीडी सोडवलं. सांबाची रिसायकल बिनही तिथेच बसून चालू केली. काकांनी विचारलं, "तो बटर पेपर जपून ठेवायचा का?"

"नाही काका," म्हटलं, आणि फाइल उडवली.