उद्घाटनाच्या गर्दीत शिडी

फोर्ट-कुलाब्यातल्या गॅलऱ्यांत चित्रं टांगायचं काम मी करतो. आमच्या धंद्यात त्याला नुसतं ‘डिस्प्ले’ म्हणतात. फ्रेमचा कारखाना वडिलांपासूनचा, डिस्प्लेची कामं मी घ्यायला लागलो. जानेवारीतला गॅलरी वीकेंड आला की आमच्याकडे कुणाला उसंत नसते. २०१२ साली हा प्रकार सुरू झाला. बऱ्याच गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शनं लावतात, पहिल्या संध्याकाळी उशिरापर्यंत दारं उघडी ठेवतात आणि चित्रं बघणारी माणसं या गल्लीतून त्या गल्लीत फिरत राहतात.

चित्र टांगलं, पातळी बघितली, बिल दिलं की डिस्प्लेवाल्याचं काम संपलं, असं पुष्कळजण धरून चालतात. मी मात्र उद्घाटनाला हटकून जातो. रिकाम्या खोलीत चित्र कसं दिसतं ते मला पाठ असतं. खोली माणसांनी भरली की सगळं बदलतं. लोक कुठे थांबतात, भिंतीपासून किती लांब उभे राहतात, लेबल वाचायला कुणी वाकलं की त्याची सावली कशावर पडते, हे त्या दोन-तीन तासांतच कळतं. म्हणून मी भिंतीपेक्षा लोकांच्या पायांकडे जास्त बघतो. एखाद्या चित्रापुढून पाय न रेंगाळता निघून गेले तर चित्र कमी पडलं असं मी लगेच म्हणत नाही. आधी उजेड बघतो, उंची बघतो, शेजारी काय टांगलंय ते बघतो.

अशाच एका पहिल्या संध्याकाळी सुरुवात कुलाब्यापासून केली. अग्निशमन केंद्राजवळच्या जुन्या छापखान्यात ‘प्रोजेक्ट ८८’ आहे, तिथे डोकावलो. मग ताजच्या मागे मेरीवेदर रोडला सनी हाऊसमधल्या गॅलरीत गेलो. या भागातल्या गॅलऱ्या रस्त्यावरून चटकन दिसत नाहीत. जुनी इमारत, अंधारा जिना, एक छोटी पाटी. आत जायला तिकीट लागत नाही, चित्र विकत घ्यायची सक्ती नाही, कुठून आलात म्हणून कुणी विचारत नाही. तरी बाजूच्याच ऑफिसात नोकरी केलेली माणसं निवृत्त होईपर्यंत एकदाही तो जिना चढलेली नसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ओळखीतल्या प्रत्येकाला मी सांगतो, बिनधास्त आत जा.

तिथून चालत काळा घोड्याला आलो. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरून जाताना मला नेहमी केकू गांधींची आठवण होते. १९६३ साली याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी आणि खोर्शेद गांधींनी केमोल्ड गॅलरी काढली. २००७ मध्ये ती फोर्टात प्रिस्कॉट रोडला गेली. पण केकूंचा मूळ धंदा फ्रेमचा. चाळीसच्या दशकात त्यांनी फ्रेम बनवायला सुरुवात केली आणि आपल्या दुकानाच्या काचेत त्या वेळच्या तरुण चित्रकारांची चित्रं लावली. हुसेन, आरा यांची चित्रं रस्त्याने जाणाऱ्यांना दिसू लागली ती अशी. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेच्या गोष्टीत एका फ्रेमवाल्याचं दुकान इतक्या सुरुवातीला येतं, याचा मला माझ्या धंद्यापुरता फार अभिमान आहे.

माझा खरा जीव अडकला होता तो फोर्टातल्या एका गॅलरीत. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, पिंजऱ्याची लिफ्ट. कोल्हापूरकडच्या एका मुलीचं हे पहिलंच एकल प्रदर्शन. सगळी चित्रं कागदावर कोळशाने काढलेली. त्यातलं सगळ्यात मोठं रुंदीला तीन फूट, उंचीला चार. घराची मागची बाजू: गोठ्याची भिंत, धुण्याचा दगड, पाणी तापवायचा बंब आणि अर्धवट उघडं दार. चित्राचा बराचसा भाग काळा. दाराच्या फटीतला उजेड तेवढा कागदाचा पांढरा सोडलेला.

कोळशाची चित्रं फ्रेमवाल्याला घाम फोडतात. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो, बोट लागलं की उठतो. काचेऐवजी लावतात ती ॲक्रिलिकची शीट वजनाला हलकी, पण तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि कोळशाची पूड तिच्याकडे ओढली जाते. म्हणून खरी काचच घालावी लागते आणि काच कागदाला टेकू नये म्हणून आत कडेने पट्टी द्यावी लागते. प्रतिबिंब न पडणारी म्युझियम ग्लास मिळते, पण एवढ्या आकाराची घ्यायची म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या बजेटबाहेर. त्यामुळे साधी काच. साध्या काचेमागे काळं चित्र असलं की तिचा आरसा होतो. त्यात या खोलीचं छत जुन्या लाकडी तुळयांचं. दिव्यांचा ट्रॅक भिंतीजवळ घेता येत नव्हता, तो सातेक फूट लांबच्या तुळईवर होता. म्हणून लावताना मी प्रत्येक चित्रासमोर जवळून, लांबून, दोन्ही बाजूंनी उभा राहून बघितलं होतं. दिवा कुठूनही काचेत येत नव्हता. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. उभ्या माणसाच्या नजरेला बरा पडतो म्हणून साधारण हाच हिशोब बहुतेक ठिकाणी चालतो.

मी पोचलो तेव्हा खोली भरली होती. विद्यार्थी, दोन-तीन ज्येष्ठ चित्रकार, नेहमीचे संग्राहक. कोळशाच्या त्या मोठ्या चित्रापुढे लोक थांबत होते, आणि चांगले थांबत होते. मला बरं वाटलं.

तेवढ्यात चित्रकार मुलीचे आईवडील आले. आईचे गुडघे दुखरे, लिफ्टने वर येऊनही धाप लागलेली. वॉचमनने आपली प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. लेकीने ती नेमकी त्या मोठ्या चित्रापुढे ठेवली, पण मागून गर्दी, त्यामुळे भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर. बाई बसल्या, पदर सावरला आणि वर बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या. मी जरा बाजूला उभा होतो. त्यांची मान एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. मग त्यांनी नवऱ्याचा हात ओढला आणि हळूच म्हणाल्या, “मला काय दिसंना. नुसता दिवाच दिसतोय.”

लेक दोन पावलांवर कुणाशी तरी बोलत होती, तिने ऐकलं नाही. मी आईच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो आणि वर बघितलं. वरच्या भागात, बरोबर त्या दारावर, दिव्याचा पांढरा गोळा आणि त्याभोवती धुरकट वलय. खालचा बंब आणि दगड दिसत होते, दार पार नाहीसं झालेलं. उभ्या माणसाला मात्र त्याच काचेत दिवा कुठेच दिसत नव्हता.

उद्घाटन चालू असताना भिंतीवरच्या चित्राला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. मी गॅलरीच्या मॅनेजर मॅडमना बाजूला घेतलं. त्या आधी म्हणाल्या, “उद्या करू या ना.” मी म्हटलं, “मॅडम, त्यांची रात्रीची गाडी आहे.” त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि चित्रकार मुलीला हाक मारली. ती आली, आईजवळ वाकून बसली, तिनेही वर बघितलं. तिचा चेहरा उतरला. “दादा, करा काय करायचं ते,” एवढंच म्हणाली.

खिशात हातमोजे आणि कॉर्कचे तुकडे असतातच. माझ्या मुलाने फ्रेम धरली आणि मी वरच्या कडेमागे दोन्ही टोकांना इंचभर जाडीचा कॉर्क सरकवला. चित्र पुढे झुकलं की काचेतलं प्रतिबिंब वर जातं, जुन्या फ्रेमवाल्यांची ही युक्ती. गोळा थोडा वर सरकला, पण दाराची चौकट अजून झाकलेलीच. मग घडीची शिडी मागवली. लोक आपणहून मागे झाले. समोरचा दिवा बंद केला आणि ट्रॅकवरचे दोन दिवे दोन्ही बाजूंना साडेपाच-सहा फूट सरकवून तिथून तिरपे चित्राकडे वळवले. उजेड दोन्हीकडून आडवा आला तर त्याचं प्रतिबिंबही बाजूला, फ्रेमच्या बाहेर पडतं. उजेड जास्त होऊ नये म्हणून दोन्ही मंद केले. लक्स हे उजेडाचं माप; कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्सच्या वर जात नाहीत, गॅलरीतही मी त्याच्या फार पुढे जात नाही. मी वर असताना मुलगा खुर्चीशेजारी बसून सांगत होता, “बाबा, डावा अजून थोडा.”

उतरून आईंना विचारलं, “आता?”

त्या काही बोलल्या नाहीत. खुर्चीत जरा पुढे सरकल्या. मग बोट काचेला लागू न देता दाखवलं, “ही आपली कडी. हितं दोरी बांधायची मी, वासरू आत यायचं म्हणून.” मी ते चित्र फ्रेम केलं होतं, टांगलं होतं, त्याची काच कितीदा पुसली होती, कडीवरची ती दोरी मला दिसली नव्हती. काळ्यावर काळ्याने काढलेली बोटभर रेघ. मागे उभे असलेले एक ज्येष्ठ चित्रकार ती बघायला खाली वाकले, मग सरळ गुडघ्यावर बसले. त्यांच्या मागून दोन विद्यार्थिनी बसल्या.

आईंचं बोलणं सुरू झालं ते थांबेना. बंब तांब्याचा होता, लग्नात आलेला. त्याची तोटी लेकीने चुकीच्या बाजूला काढलीय. “डावीकडं होती की गं.” लेक म्हणाली, “आई, मी न्हाणीतनं बघायचे. तू चुलीपासनं बघायचीस.” वडील इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, “तोटी गळायची तेवढी खरी.” त्यावर मायलेकी दोघी हसल्या. आसपासची माणसं ऐकत होती. त्यांत कोल्हापूरचे कुणी नसावेत, पण बंब बऱ्याचजणांच्या घरी होऊन गेलेला.

गाडीची वेळ होईपर्यंत आई तिथेच बसल्या होत्या. निघताना त्यांनी मला विचारलं, “तुम्ही काढता का चित्रं?” मी म्हटलं, “नाही मावशी, मी लावतो.” त्या म्हणाल्या, “मग बाकीचीबी बसून दिसतील अशी लावा की.”

दुसऱ्या दिवशी गॅलरी उघडायच्या आधी मी आणि मुलगा वॉचमनची तीच खुर्ची घेऊन भिंतीभिंतीने फिरलो. जवळजवळ सगळ्या चित्रांचे दिवे बाजूला नेता आले. कोपऱ्यातल्या दोन चित्रांना तसं करायला जागा नव्हती, तिथे मॅनेजर मॅडमच्या परवानगीने उंची तीन इंच उतरवली आणि वर कॉर्क दिला. म्युझियम ग्लासचा भावही त्यांनी त्याच दिवशी मागून घेतला, पुढच्या प्रदर्शनासाठी. वॉचमनने खुर्ची परत मागितली, तेव्हा मॅडमनी खोलीत ठेवायला एक लाकडी बाकडं आणायला सांगितलं. ते आमच्याच कारखान्यात बनवलं, सागवानाच्या उरलेल्या पट्ट्यांचं.