किल्ली फिरवली की

शुक्रवार, रात्री साडेदहा, होस्पेट

हाताला अजून पेट्रोलचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी जात नाही, आणि खरं सांगायचं तर आज तो जायलाच नको आहे.

पहाटे साडेपाचला सोलापुरात कंबर तलावापाशी जमलो. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपून आठवडा झाला, पण थंडी हटलेली नाही. डॉक्टरांची एमजीबी, म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी, कोल्हापूरच्या काकांची स्टँडर्ड हेराल्ड, पुण्याहून काल रात्रीच येऊन राहिलेली फियाट डिलाइट आणि मागे टूल्स, ट्यूब, दोरखंड घेऊन एक बोलेरो. हंपीपर्यंत तीनशेच्या वर किलोमीटर. काकांनी हेराल्डचा अख्खा पुढचा भाग पुढे कलंडवून उघडला आणि बॅटरीच्या उजेडात शेवटचं एकदा तेल-पाणी पाहिलं. या गाडीचं इंजिन दाखवायला कुणाला वाकावं लागत नाही, समोरच्या चाकावर बसून काम करता येतं. सकाळी फिरायला आलेली दोनचार माणसं थांबून बघत राहिली.

एमजीबी 1966 ची आहे. इंजिन 1798 सीसी, एसयूचे दोन कार्बोरेटर, सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि बॉडीला पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह नाही तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. ही शेवटची गोष्ट नव्या इलेक्ट्रिशियनला तीनदा सांगावी लागते. डॉक्टरांनी गाडी घेतली तेव्हा पायाखालचा पत्रा सडला होता. तीन वर्षांचे रविवार आम्ही तिच्यावर घातले. पुढच्या किंगपिनचे बुश मी एमआयडीसीतल्या माझ्या लेथवर काढलेत. गाडी डॉक्टरांची, पण माझा तिच्यावर हक्क आहे, आणि तो डॉक्टरही मानतात.

हूड खाली, कानटोप्या घट्ट. सैफुलची वस्ती मागे पडल्यावर डॉक्टरांनी गाडी टॉपला टाकली आणि सत्तरवर धरून ठेवली. आपण इतके खाली बसलेले असतो की उसाच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक डोक्याच्या वरून जातं. भीमेचा पूल ओलांडताना धुकं सरळ मांडीवर आलं. गारठ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी काच वर असलेल्या बोलेरोत जाऊन बसावं असं एकदाही वाटलं नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली. कडबा, ओली माती, मधूनच गुऱ्हाळाचा गोड धूर. नव्या गाडीतून याच रस्त्याने मी वीसदा गेलो असेन, पण रस्त्याला वास असतो हे आज कळलं.

विजापुरात चहा आणि इडली. गोलघुमट लांबूनच पाहिला. आलमट्टीला कृष्णेवर पाच मिनिटं थांबलो. इलकल आलं, म्हणजे आपल्या इरकल लुगड्याचं गाव. वडिलांची, अण्णांची आठवण तिथेच झाली होती. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे घालून जोडतात, तो सांधा ते बोटांनी करून दाखवायचे.

इलकलच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर गाडी अडखळायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की झटके, सोडला की जरा बरी. मग एकदम मान टाकली. लोळत लोळत बाभळीखाली आणली. सगळे जमले. काका म्हणाले, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बघा. फियाटवाल्यांना वाटलं, उन्हाने पेट्रोलची वाफ धरली असेल. डॉक्टर बॉनेट उघडून प्लगच्या वायरी चाचपत होते. सगळे एकदम बोलत होते आणि प्रत्येकाचं म्हणणं शक्यतेतलं होतं.

मी म्हणालो, एक मिनिट कुणी बोलू नका.

किल्ली फिरवली. काही नाही.

या गाडीत किल्ली फिरवली की मागून टिकटिक ऐकू आली पाहिजे. मागच्या उजव्या चाकापाशी, गाडीच्या पोटाला, पेट्रोलचा विजेवरचा पंप आहे. कॉइल पडदा ओढते, पेट्रोल आत येतं. ओढ पूर्ण झाली की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, स्प्रिंग पडदा परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. मग पॉइंट पुन्हा मिटतात. दर वेळी एक टिक. कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या असल्या की भराभर, भरत आल्या की सावकाश, भरल्या की बंद. पण दर टिकेला पॉइंटवर बारीक ठिणगी पडते, ते जळत जातात, आणि एक दिवस करंट पलीकडे जातच नाही.

पाठीवर झोपून आत सरकलो. मानेखाली खडी, वर गरम सायलेन्सर. पान्याच्या मुठीने पंपाच्या डोक्यावर हलकेच दोनदा ठोकलं. टिक. टिक. टिकटिकटिकटिक. वर काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तसं ठोकून पुढे जाता आलं असतं, पण काम अर्धवट ठेवायला मन घेईना. टोपण काढलं, पॉइंट काजळीने काळे पडले होते आणि एकावर मोहरीएवढा खड्डा. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची चिंधी मधे धरून ओढत राहिलो, खालचा धातू चमकेपर्यंत. चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात बाकीच्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली होती. काळ्या हातांनीच खाल्लं.

हे मला कुठल्या मॅन्युअलने शिकवलं नाही. अण्णा अशोक चौकाकडच्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री होते. दुपारी डबा घेऊन मी जायचो. चाळीस माग एकाच वेळी खडखडत असायचे, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. अण्णा घास हातात धरून थांबायचे आणि उठायचे, पलीकडच्या रांगेतल्या एका मागापाशी जायचे. तो माग चालूच असायचा, मला त्यात काही वेगळं दिसायचं नाही. मी विचारलं होतं, कसं कळलं? म्हणाले, "काय वाजतंय ते सगळ्यांनाच ऐकू येतं. काय वाजत नाही ते ऐकायचं."

तेव्हा मी चिडायचो. मला वाटायचं, सरळ सांगत नाहीत.

शनिवार

हंपी. दिवसभर पायी. विठ्ठल मंदिरातल्या सुरांच्या खांबांपाशी बराच वेळ उभा राहिलो. वाजवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रात्री लिहायला त्राण नाही.

रविवार, रात्री, सोलापूर

परतीच्या वाटेवर पंपाने काही त्रास दिला नाही. हेराल्डचा फॅनबेल्ट तुटला, वीस मिनिटांत बदलला. फियाटवाले पुण्याला पुढे गेले. घरापर्यंत डॉक्टर मुद्दाम एमजीबीतूनच सोडायला आले, कारण मी सांगितलं होतं, अण्णांना दाखवायचं आहे.

मागांनी अण्णांचे कान नेले. डावा पूर्ण, उजव्याने मोठ्याने बोललेलं तेवढं कळतं. काठी टेकत ते अंगणात आले. मी पंपाची हकीकत कानाशी ओरडून सांगितली. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही, मागच्या उजव्या चाकापाशी गेले आणि वरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. डॉक्टरांना खूण केली.

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. मला टिकटिक ऐकू येत होती. अण्णांच्या दुसऱ्या हाताचं बोट काठीच्या मुठीवर त्याच लयीत पडत होतं. भराभर, मग सावकाश, मग एक, मग थांबून आणखी एक. बोट थांबलं.

"भरलं," अण्णा म्हणाले. हात मात्र त्यांनी तसाच ठेवला होता.