यादीत आत्या नाही

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रवासाची बिलं तपासली. सरकारी कार्यालयाची लेखा शाखा, समोर टीए बिलांचा गठ्ठा. कोण कुठे गेलं, कुठल्या वर्गाने गेलं, मुख्यालयाच्या हद्दीबाहेर किती तास होतं, जेवण यजमान खात्याने दिलं असताना दैनिक भत्ता पूर्ण का लावलाय. साहेब लोक माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. निवृत्तीनंतर ही विद्या कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. पण माझ्या धाकट्या भावाची मुलगी, रेवा, टेनिस खेळते, आणि गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कोचबाईंनी तिला ‘आमचं कॉलेज बघायला ये’ म्हणून बोलावलं. सुहासचा फोन आला, “ताई, काहीतरी नियमांचं पुस्तक आहे म्हणे, चारशेच्या वर पानं. तूच वाच बाई.”

वाचलं. सगळं नाही, खेळाडूंच्या भरतीचा तेरावा भाग. पुस्तक एनसीएएचं, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संघटनेचं. तिच्यात तीन विभाग आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे. रेवाला बोलावणारं कॉलेज पहिल्या विभागातलं, तेव्हा खाली लिहिते ते त्या विभागाचं. पार्ल्यात हल्ली संध्याकाळी फिरायला निघालं की ‘अहो, तुमच्या भाचीचं काय झालं, आमच्या नातवाला पण…’ अशी निदान एक तरी मुलाखत होते. एकदा लिहून टाकलं की सगळ्यांना लिंक पाठवता येईल.

सुरुवात गप्प बसण्याच्या नियमापासून. टेनिसमध्ये मुलाची दहावी संपते त्या वर्षीच्या १५ जूनपर्यंत कोचने त्याच्याशी भरतीबद्दल बोलायचं नाही. मुलाने हवी तेवढी पत्रं लिहावीत, व्हिडिओ पाठवावेत. उत्तरादाखल फार तर कॅम्पचं माहितीपत्रक किंवा भरायची प्रश्नावली येईल. रेवा नववी-दहावीत ईमेलवर ईमेल पाठवायची आणि हिरमुसायची. सुहासला वाटायचं, पोरीच्या खेळातच दम नाही. मग १५ जून उजाडला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. सुहास अंधेरीहून सुटलेल्या चर्चगेट फास्टमध्ये, एक हात कडीला, दुसऱ्या हातात डबा, आणि खिशात फोन थरथरतोय. दादरपर्यंत त्याला तो काढताच आला नाही. प्रत्यक्ष भेटी मात्र त्याच्याही पुढे, अकरावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टपासून.

भेटी दोन प्रकारच्या. एक स्वखर्चाची. तिला संख्येची मर्यादा नाही, आणि तिच्यात कॉलेजने द्यायचं काय, तर त्यांच्या मैदानावरच्या एखाद्या सामन्याची तीन तिकिटं. बस्स. त्याच राज्यातलं पोरगं शनिवारी सकाळी बापाच्या गाडीत बसून चार कॉलेजं पालथी घालतं. आमच्या घरून निघायचं तर आधी बीकेसीतल्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवा, मग विमानाचे भाव बघा आणि परत खाली बसा. कागदावर नियम सगळ्यांना सारखाच आहे. असे सगळ्यांना सारखे नियम मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत.

दुसरी भेट कॉलेजच्या खर्चाची. तिचे नियम १ जुलै २०२३ पासून बदलले. पूर्वी मुलाला सगळ्या कॉलेजांत मिळून अशा पाचच भेटी मिळायच्या, प्रत्येकी ४८ तासांची. आता एकूण किती यावर बंधन नाही, पण एका कॉलेजला एकदाच जायचं (मुख्य कोच बदलला तर पुन्हा जाता येतं) आणि मुक्काम जास्तीत जास्त दोन रात्रींचा. तासांच्या जागी रात्री, हे ज्याने सुचवलं तो माणूस माझ्या शाखेत हवा होता. तासांचा हिशेब आला की भांडण आलंच. घड्याळ विमानतळावर सुरू करायचं की कॉलेजच्या फाटकात? जुन्या नियमात ते कॅम्पसवर पाऊल ठेवल्यापासून सुरू व्हायचं. आमच्याकडे लोक अर्ध्या दिवसाच्या भत्त्यासाठी एसटी उशिरा पोचल्याचे दाखले आणायचे.

जाण्याआधी कागद लागतात. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी, कॉलेजकडे गुणपत्रिका, आणि कॉलेजने आपल्या यादीत मुलाचं नाव चढवणं. गुणपत्रिका नववीपासूनच्या. आपल्याकडे दहावीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि नववीचं प्रगतीपुस्तक रद्दीत जातं. रेवाच्या शाळेतून ते नव्याने काढून घेताना वहिनीला किती चकरा पडल्या ते तिलाच विचारा. ज्यांची मुलं आठवीत आहेत त्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवा.

आता माझा आवडता भाग, पैसे. कॉलेज खेळाडूचा प्रवास, राहणं, जेवण यांचा खर्च करू शकतं आणि बरोबर आलेल्या घरच्या दोन माणसांचाही. घरचं माणूस कोण, हे पुस्तकाने बांधून ठेवलंय: जोडीदार, आईवडील किंवा कायदेशीर पालक, मूल, भावंड, आजी-आजोबा. यादीत आत्या नाही. मामा-मावशी-काका कुणीच नाहीत. मी सुहासला म्हटलं, “तुझ्या पोरीला पहाटे रिक्षातून कोर्टवर कोण न्यायचं? आणि मला जागा नाही?” पण यादीच्या शेपटाला एक कलम आहे. खेळाडूशी ज्याचं जवळचं नातं व्यवहारात घरच्यासारखंच आहे, असं कुणीही चालेल. लिहिणाऱ्याला मी मानलं. अशा कलमाशिवाय नियम माणसांना लागू होत नाहीत, आणि सगळ्या लबाड्या आत शिरतात त्याही अशाच कलमातून. तिथे जो तो स्वतःला काका म्हणवून घेत असणार.

यादीत बसून उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. आईवडील नेमके इथेच चुकतात. पुस्तकात लिहिलंय ती कमाल मर्यादा आहे. कॉलेजने तेवढं दिलंच पाहिजे असं कुठेही नाही. फुटबॉल (तिकडचा, अमेरिकन फुटबॉल) संघाकडे पैसा असतो, टेनिसच्या कोचकडे वर्षाचं एक बेताचं बजेट असतं. रेवाच्या कोचबाईंनी स्वच्छ लिहिलं: रेवाचं तिकीट आणि पालकाची हॉटेलची खोली आमच्याकडे, पालकाचं तिकीट तुमच्याकडे. सुहास खट्टू झाला. मला ते पत्र फार आवडलं. काय देणार आणि काय नाही हे आधी लेखी सांगणाऱ्या माणसाशी व्यवहार सोपा असतो.

आणि तिकीट इकॉनॉमीचं. २००४ पासून खासगी विमानं बंद, अलिशान गाड्या बंद, खेळाडूचं नाव घातलेली जर्सी टांगून ठेवणं बंद, राहणं-जेवणं साधं. करमणूक कॅम्पसपासून ३० मैलांच्या आत, ही हद्दही त्या पुस्तकात वर्षानुवर्षं आहे. हे सगळं २००४ लाच का आलं? कोलोरॅडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या भरतीभेटी तेव्हा गाजत होत्या. भेटीला आलेल्या मुलांना भुलवण्यासाठी दारू आणि सेक्सचा वापर होतो असे आरोप होते, भरतीच्या मुलांच्या एका पार्टीनंतर बलात्काराच्या तक्रारी झाल्या होत्या. एनसीएएने घाईने समिती नेमली आणि त्याच ऑगस्टमध्ये नवे नियम लागू केले. तेव्हापासून प्रत्येक कॉलेजला भेटींचं स्वतःचं लेखी धोरण ठेवावं लागतं. दारू, अमली पदार्थ, सेक्स, जुगार यांबद्दल त्यात स्पष्ट लिहावं लागतं. तरी लुइव्हिल विद्यापीठात व्हायचं ते झालंच. बास्केटबॉलच्या भरतीसाठी आलेल्या मुलांपुढे, त्यात अल्पवयीनही होती, वसतिगृहात पैसे देऊन बायका आणल्या जात होत्या. २०१५ मध्ये ते बाहेर आलं आणि २०१८ मध्ये त्यांचं २०१३ चं राष्ट्रीय विजेतेपद रद्द झालं.

हे मी वहिनीला सांगितलं. सांगावं की नाही, असा विचार आला होता, पण मुलगी दोन रात्री अनोळखी मुलींच्या खोलीत राहणार होती. वहिनीने आकांडतांडव केलं नाही. तिने रेवाकरवी कोचबाईंकडे ते लेखी धोरण मागितलं आणि यजमान मुलगी कोण, तिचं वय काय, हे विचारलं. दोन्ही उत्तरं दुसऱ्या दिवशी आली. मागायला संकोचू नका. त्यांना ते ठेवावंच लागतं.

मध्येच एक सांगते, भरतीशी त्याचा संबंध नाही पण मला राहवत नाही. याच संघटनेच्या नियमांत एकेकाळी कॉलेजने खेळाडूंना खाऊ म्हणून बेगल, म्हणजे तो मधे भोक असलेला पाव, दिला तर चालायचा. त्यावर क्रीम चीज लावलं की नियमभंग. पुढे हे सुटलं, आणि २०१४ मध्ये खेळाडूंना हवं तेवढं जेवायला घालायची मुभा आली. मी आयुष्यात भरपूर आक्षेप काढलेत, पण पाव मंजूर आणि वरचं लोणी नामंजूर, इथपर्यंत माझीही मजल गेली नव्हती.

सुहासला सगळ्यात विचित्र वाटलं ते वेगळंच. इतक्या लांब बोलावून कोच तिचा खेळ बघणार नाही! पहिल्या विभागात टेनिसच्या भेटीत निवडचाचणी घेता येत नाही. मुलीला तिथल्या खेळाडूंबरोबर हौसेने खेळता येतं, पण ते कोचने ठरवलेलं नको आणि कोचने पाहिलेलं नको. (दुसऱ्या विभागात चाचणीला परवानगी आहे.) रेवा संध्याकाळी संघातल्या मुलींबरोबर खेळली तेव्हा कोचबाई आपल्या ऑफिसात बसून राहिल्या. सुहास म्हणाला, “हे म्हणजे नाटकच.” मला तसं वाटत नाही. तिचा खेळ त्यांनी व्हिडिओवर आणि स्पर्धांच्या निकालांत आधीच पाहिला होता. त्या संध्याकाळी बघायची पाळी रेवाची होती.

माझ्या वेळी हे असं नव्हतं. मी शाळेत खो-खो खेळायचे. दहावीचा निकाल लागला आणि दादरच्या एका कॉलेजच्या जिमखान्याचे सर सरळ घरी आले, वडिलांबरोबर चहा घेतला, म्हणाले, “फीचं बघून घेऊ, हिला आमच्याकडे घाला.” जाताना कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड ठेवून गेले. एनसीएएच्या पुस्तकाप्रमाणे ते बूट म्हणजे शुद्ध आमिष. आम्ही त्याला कौतुक समजलो. मी कॉलेजचं मैदान बघितलं ते प्रवेश घेतल्यावर, आणि सराव दुपारी अडीचला उन्हात असतो हे त्याहून नंतर कळलं. तेव्हा कुणी मला दोन दिवस तिथल्या मुलींबरोबर सोडलं असतं तर मी दुसऱ्या कॉलेजात गेले असते. सर चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

म्हणून रेवाला जाताना मी यादी दिली. कोचला विचारायचं: शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची, आणि दुखापत झाली तर तिचं काय. मुलींना विचारायचं, तेही कोच जवळ नसताना: सामन्यांना बसने जाता तेव्हा रात्री किती वाजता परत येता, सोमवारच्या आठच्या तासाचं काय करता, मागच्या दोन वर्षांत संघ सोडून कोण गेलं आणि का. शेवटचा प्रश्न सुहासला आगाऊपणाचा वाटला. सगळ्यात उपयोगी उत्तर त्याचंच आलं. दोन मुली गेल्या होत्या. एक घरची आठवण येते म्हणून गेली. दुसरी गेली कारण तिला हवा तो विज्ञानाचा विषय घेता येत नव्हता, प्रयोगशाळेचे तास आणि सराव एकाच वेळी. रेवाला बायोलॉजी करायचं आहे.

शनिवारी त्यांनी रेवा आणि सुहासला कॉलेजच्या फुटबॉल सामन्याला नेलं. सुहास त्याबद्दल अजून बोलतो: गर्दी, बँड, लाल टी-शर्ट घातलेले आजी-आजोबा. त्याचं मत तिथेच झालं. मला त्या स्टेडियमचं कौतुक आहे, पण त्यात टेनिस खेळत नाहीत. टेनिसचे सामने बघायला किती माणसं येतात असं मी रेवाला विचारलं, तर म्हणाली, “आत्या, मुलींचे आईवडील येतात, तेही जवळ राहत असतील तर.”

कोविडच्या काळात हे काहीच बघायला मिळत नव्हतं, हेही सांगायला हवं. मार्च २०२० ते ३१ मे २०२१ पहिल्या विभागात कोच आणि भरतीची मुलं यांच्या प्रत्यक्ष भेटींना बंदी होती. त्या वर्षांत गेलेल्या मुलांनी कॉलेज पहिल्यांदा पाहिलं ते बॅगा घेऊनच. आमच्या ओळखीतला एक मुलगा तसाच गेला आणि मजेत आहे.

रेवाचं अजून ठरलेलं नाही. कोचबाईंनी होकार मागितलाय. तोंडी होकार कुणालाच बांधून ठेवत नाही, लेखी सही होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. दुसऱ्या एका कॉलेजनेही बोलावलंय. तिथे प्रयोगशाळेचे तास सकाळी आणि सराव दुपारी, असं त्यांचं म्हणणं आहे. या खेपेला वहिनी जाणार. तिच्या तिकिटाचं कोण बघणार ते त्या कोचने फोनवर गोड बोलून सांगितलंय, लिहून काही आलेलं नाही. आल्याशिवाय बुकिंग करू नकोस, असं मी सुहासला बजावलंय. तो म्हणतो भाव रोज वाढतायत. वाढू देत.