तुम्ही विचारलंत म्हणून: जब्दीच्या तारवातले मोलकरी

मी वसईत धर्मशिक्षणाचा वर्ग घेते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. ख्रिस्ती नसलेले स्नेही विचारतात, वर्गातली मुलंही विचारतात: "येशूचे शिष्य सगळे गरीब कोळीच होते ना? घरात काही नव्हतं, म्हणूनच निघाले असतील त्याच्यामागे?"

पहिली गोष्ट, सगळे कोळी नव्हते. येशूच्या बारा मुख्य शिष्यांपैकी पाचांचाच धंदा शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची हकीगत सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार पुस्तकांत, स्पष्ट सांगितलाय. पेत्र आणि त्याचा भाऊ अंद्रिया, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान हे चौघे मासे धरणारे. आणि मत्तय जकात नाक्यावर बसणारा. फिलिप बेथसैदाचा, म्हणजे पेत्र-अंद्रियाच्याच मूळ गावचा, पण तो पोटासाठी काय करायचा ते लिहिलेलं नाही. बर्थलमय, तद्दय यांचंही तसंच. यहूदा इस्कर्योतकडे पैशांची थैली असायची, पण ती शिष्य झाल्यावर.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. "गरीब" हे आपण आपल्या मनाने जोडलंय. मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू याकोब आणि योहानला हाक मारतो, तेव्हा ते तारवात बसून जाळी नीट करत असतात. हाक ऐकताच ते निघतात आणि बापाला, जब्दीला, मोलकऱ्यांबरोबर तारवात सोडून जातात. मोलकऱ्यांबरोबर! ज्याच्याकडे रोजावर माणसं आहेत, स्वतःचं तारू आहे, तो कंगाल नव्हे. लूक तर सांगतो की याकोब आणि योहान पेत्राचे भागीदार होते. म्हणजे दोन घरं, दोन मचवे आणि भागीदारीतला धंदा. श्रीमंती नव्हती, पण घडी नीट बसलेली होती.

हे चौघे जिथे मासे धरायचे तो गालीलचा समुद्र खरं तर गोड्या पाण्याचा तलाव. लांबी साधारण 21 किलोमीटर, रुंदी 13, आणि जागा समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली. त्यात मिळणारा एक मासा आपल्या धरणांतल्या चिलापीच्या कुळातला. आज तिथे तो पेत्राचा मासा म्हणूनच विकला जातो. शिवाय लहान तारलीसारखे मासे, ते खारवायचे. मग्दाला हे किनाऱ्यावरचं गाव. त्याचं ग्रीक नाव तारिखेया, आणि तिथल्या खारवलेल्या माशांचा उल्लेख स्ट्राबो या प्राचीन भूगोलकाराने केलाय. म्हणजे मासा धरला की तो खारवणारी, वाहून नेणारी, विकणारी माणसं आलीच.

आणि हे काम रात्रीचं. जाळी जवसाच्या तंतूंची असत. उजेडात नितळ पाण्यात तो धागा माशाला दिसतो, म्हणून मोठी जाळी अंधारात टाकायची. सकाळी किनाऱ्यावर आलं की झोप नाही. आधी जाळ्यातला गाळ, शेवाळ धुऊन काढायचं, तुटलेली आस, म्हणजे जाळ्याचं घर, पुन्हा बांधायची, जाळं वाळत घालायचं. ओलं राहिलं तर धागा कुजतो आणि जाळं गेलं म्हणजे भांडवलच गेलं. लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र रात्रभर राबून रिकाम्या हाताने आलाय आणि तरीही जाळी धुतोय. उत्तन-पाचूबंदरच्या कोळी घरांतल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. आता जाळी नायलॉनची आहेत, पण मासा मिळाला नाही तरी जाळं आवरावंच लागतं, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

1986 साली दुष्काळाने तलावाचं पाणी खाली गेलं, तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात दोन भावांना एक जुनी होडी सापडली. सुमारे सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद, साधारण येशूच्या काळातली. ती पेत्राची होती असं म्हणायला काहीही आधार नाही, आणि कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला त्या होडीतली एकच गोष्ट फार भिडते: तिच्यात सुमारे बारा जातींची लाकडं आहेत. फळी खराब झाली की हाताला लागेल ते लाकूड घालून कोणीतरी ती वर्षानुवर्षं चालवली. धंदा जपून करणाऱ्या माणसांचं ते काम आहे.

आता मत्तय. मार्क आणि लूक त्याला लेवी म्हणतात. त्याचा नाका कफर्णहूमला होता, आणि ते गाव गालीलचा शासक हेरोद अंतिपा याच्या मुलखाच्या कडेला. पलीकडे अंतिपाचा भाऊ फिलिप (शिष्य फिलिप नव्हे) याचा अंमल. हद्दीवर जकात आलीच. पेत्राचं घर याच गावात. एवढ्याशा गावात मासे विकणारा आणि जकात घेणारा एकमेकांना ओळखत नसतील हे मला पटत नाही. लोक जकातदारांना पाप्यांच्या पंगतीत बसवत. ज्याच्या पुढ्यात पैसे मोजले असतील, त्याच माणसाबरोबर पेत्राला पुढे एका ताटात जेवावं लागलं. शिष्यांच्या निवडीत मला हेच सगळ्यात धाडसाचं वाटतं. मासे धरणारे चौघे आधीपासून एकमेकांचेच होते. मत्तय कोणाचाच नव्हता.

बारांच्या पलीकडे, सुरुवातीच्या इतर ख्रिस्ती लोकांकडे गेलं तर धंद्यांची रांगच लागते. येशूचा संदेश गावोगावी नेणारा पौल तंबू बनवायचा. ग्रीसमधल्या करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला, कारण त्यांचा धंदा तोच. आणि येशूचं पाचारण, म्हणजे सेवेसाठी बोलावणं, आल्यावरही त्याने हा धंदा सोडला नाही. लुदिया थुवतीरा शहराची, उंची जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. यापो या बंदराच्या गावची दुर्कस विधवांसाठी कपडे करायची. त्याच यापोत पेत्र उतरला तो एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी, ज्याच्या कामाला लोक अशुद्ध मानत. या प्रत्येकावर वेगळं लिहायला हवं.

पण मला जब्दीकडे परत जायचंय. त्या दोघा मुलग्यांची आईसुद्धा पुढे गालीलहून येशूमागे आलेल्या बायकांत दिसते. मुलांसाठी येशूच्या राज्यात त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागणारी तीच, आणि क्रुसाकडे लांबून पाहत उभी राहिलेल्यांत मत्तय तिलाही मोजतो. जब्दी मात्र पुन्हा भेटत नाही. त्याचं नाव येतं ते मुलांची ओळख सांगण्यापुरतं. तो रागावला का, त्याने त्यांना आशीर्वाद दिला का, याबद्दल एक ओळही नाही. मला वाटतं, त्या रात्रीसुद्धा त्याने तारू पाण्यात घातलं असणार. मोलकऱ्यांची मजुरी द्यायची होती.