नेपाळचे शेवटचे तीन दिवस आणि संपलेले चष्मे

आधीच्या आठवड्याचं नंतर कधीतरी सविस्तर लिहीन (म्हणजे लिहिणार नाही, मला मी माहितीये), पण शेवटचे तीन दिवस आत्ताच लिहून टाकतो. आम्ही सोलापूरचे अकरा जण, नोव्हेंबर २०२४, नेपाळात काभ्रे जिल्ह्यात धुलिखेलच्या पुढं डोंगरातल्या एका शाळेत डोळे तपासायचा कॅम्प. दोन ऑप्टोमेट्रिस्ट, एक रिटायर्ड बाई ज्यांना सगळेच मावशी म्हणतात, बाकी आम्ही हमाल. सप्टेंबरअखेरच्या पुरानं तिकडचे रस्ते पार धुऊन नेलेले, शेवटचा टप्पा जीपमधनं उतरून पेट्या डोक्यावर घेऊन चढलो, म्हणून हमाल.

तर शनिवारी चष्मे संपले. शनिवारी तिकडं सुट्टी असते, त्यामुळं आख्खा डोंगर खाली उतरला. आमच्याकडं जवळच्या नजरेचे ४०० चष्मे होते, +१ पासून +२.५ पर्यंत प्रत्येकी शंभर, आणि हा हिशोब आम्ही आपल्याकडच्या कॅम्पवरनं केलेला. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका, पॉवरलूमवाले येतात ते चाळिशीतले, त्यांना दीड लागतो नाहीतर फार तर दोन. इथं चाळिशीतलं माणूसच दिसेना, सगळे कतार, मलेशिया, नाहीतर काठमांडूत. घरात उरलेले साठ-सत्तरचे, त्यांना सगळ्यांना अडीच पाहिजे. +१ चा खोका तसाच पडून आणि +२.५ चा दुपारी बारालाच रिकामा.

वय लिहिण्यात पण मजा होती. तिकडं विक्रम संवत, २०८१ चालू. एका आजीच्या कार्डावर जन्म २०१८ बघून आमच्यातल्या एका पोरानं वय ६ लिहिलं आणि वर म्हणतो, सर, मोतीबिंदू लवकर आलाय का? मोतीबिंदूवाल्यांची नावं काढून वेगळी दिली, ते काम आमचं नव्हतं. त्या बाबतीत नेपाळनं आपल्याला शिकवावं अशी परिस्थिती आहे, काठमांडूचं तिलगंगा हे डोळ्यांचं हॉस्पिटल १९९४ पासून चालू आहे आणि तिथल्या डॉ. सन्दुक रुइत यांची मोतीबिंदू काढायची बिनटाक्याची स्वस्तातली पद्धत जगभर गेलीय.

ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांची तपासणी आम्ही सुईदोऱ्यानं करायचो. त्या दुपारी एक आजी बसलेली, नाकात फुली, बोटं हळदीनं पिवळी. शेवटचा अडीचचा चष्मा तिला लावला. तिनं दोरा तोंडात ओला केला, पीळ दिला, सुई उजेडाकडं धरली, एकदा चुकली, दुसऱ्यांदा गेला. "देखियो!" आमच्याकडं न बघता मागं लाईनीकडं बघून ओरडली. लाईनीत तेव्हा सत्तरेक माणसं होती आणि मी रिकामा खोका पायानं टेबलाखाली सरकवत होतो.

हे सगळं सांभाळत होत्या तिथल्या एक आरोग्य स्वयंसेविका, दिदी. आपल्या आशाताई २००५ नंतरच्या, नेपाळात हे १९८८ पासून चालू आहे, पन्नास हजारांच्या आसपास बायका आहेत म्हणे देशभर. दिदी वही हात लांब करून धरायच्या आणि नावं पुकारायच्या. नेपाळी देवनागरीतच, त्यामुळं वही आम्हालापण वाचता यायची. संध्याकाळी त्यांनी राहिलेल्यांची यादी दिली, नावं ३७. आम्ही पॉवरची बेरीज केली तर ३६ च येत होती. म्हटलं दमलोय, चुकलं असेल मोजण्यात.

रात्री भांडण. रविवार भक्तपूरची जुनी देवळं बघायला ठेवलेला. "काय बे, एवढं लांब येऊन भक्तपूर न बघताच जायचं का?" एक जण म्हणला, आणि खरं सांगू, मलापण तेच वाटत होतं. मावशी ताटातल्या भातावर शेंगाचटणी कालवत शांतपणे म्हणाल्या, "जा की, दही खाऊन या. मी बनेपाला जाते." मग काय, लाजेनं मी त्यांच्यासोबत.

बनेपा म्हणजे खालचं बाजाराचं गाव, तिथं चष्म्यांसाठी तीन दुकानं फिरलो. दुकानदार प्रत्येक ठिकाणी पहिलं विचारणार, आयसी की एनसी, म्हणजे भारतीय पैसे की नेपाळी, शंभराचे एकशेसाठ. सगळं मिळून १४ चष्मे मिळाले. परत वर जाऊन ते दिले, उरलेल्या २२ चे पैसे दिदींच्या हातात. त्या आधी घेईनात, मग पावती लिहून दिली, वही तशीच हात लांब करून.

संध्याकाळी भक्तपूर गाठलंच. न्यातपोल देऊळ, १७०२ चं, पाच मजली, २०१५ च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं तरी हे उभं. पायऱ्यांवर खाली दोन पैलवान, वर हत्ती, मग सिंह, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट ताकदवान म्हणे. मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हणजे तिथलं दही, खाल्लं, घट्ट, गोडसर, दोन खाल्ली.

ज्या रस्त्यानं आलो तो अरनिको राजमार्ग पुढं चीनच्या सीमेला जातो. सोलापूरकराला भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर आठवणारच. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला युद्धातल्या जखमींसाठी गेले, १९४२ ला तिकडंच वारले, वय ३२. आणि आम्ही दहा दिवसांत पश्मिना घासाघीस करून घेत होतो.

सोमवारी रात्रीची बस, सुनौली, गोरखपूर, कुशीनगर एक्सप्रेस, कल्याणला उतरून सिद्धेश्वर एक्सप्रेस. लिहिण्यासारखं काही नाही, पाठ मोडली एवढंच.

तीन आठवड्यांनी मावशींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिदींचा फोटो आला, वहीचं पान. ३६ नावांपुढं टिक. शेवटचं नाव बिनटिकेचं, पुढं पॉवरचा रकाना कोरा. मी झूम करून वाचलं. दिदींचंच नाव होतं. नऊ दिवस समोर बसून होत्या, आमच्यापैकी कुणी त्यांचे डोळे तपासलेच नव्हते.