ब्रेकचा दांडा माझ्या हातात होता

रेल-बाइकवर बसण्याआधी मला काळजी होती ती आईच्या गुडघ्यांची. बंद पडलेल्या लोहमार्गावर पायडल मारत सहा-सात किलोमीटर जायचं, तिला झेपेल का? दक्षिण कोरियात जॉन्गसॉनला जुन्या कोळशाच्या मार्गावर 2005 पासून अशा गाड्या धावतात, त्याबद्दल वाचल्यापासून ही इच्छा मनात होती.

काळजी फुकट गेली. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं हलकं फिरतं की सपाटीवर आईने पाय नुसते टेकवून ठेवले तरी गाडी चालत होती. चढ मात्र लगेच कळतो. डोळ्यांना दिसतही नाही, पण मांड्यांना जाणवतो.

निघताना सूचना मिळाल्या: पट्टा बांधा, बुटाच्या नाड्या आत खोचा, पाय बाहेर काढू नका, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. किती अंतर, ते कुणी सांगितलं नाही. ब्रेक मागच्या उजव्या सीटपाशी, म्हणजे माझ्याकडे होता. तो एकदाही ओढून न बघता आम्ही निघालो. ही चूक माझीही होती.

तिसऱ्या किलोमीटरनंतर उतार, मग झाडीतलं वळण. सावलीत रूळ ओले होते, वर पानांचा चिखल. वळणापलीकडे पुढची गाडी फोटोसाठी थांबलेली! मी दांडा पूर्ण ओढला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही, घसरतच राहिली. सायकल असती तर बाजूला वळवली असती, इथे रूळ नेईल तिकडेच जायचं. आई ओरडली. मी दांडा किंचित सैल केला, पुन्हा ओढला, परत सैल. हाताच्या अंतरावर थांबलो. मागून येणाऱ्यांना मी हात वर करून थांबायला सांगितलं, तरी त्यांची गाडी आम्हाला हलकेच धडकलीच. कुणाला लागलं नाही. पण आईचा पाय तेव्हा बाहेर असता तर?

घरी येऊन हिशेब केला. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. धोका दिसून हात दांड्यावर जाईपर्यंत तेवढे गेलेच. सगळ्या चाकांना नीट ब्रेक लागला तर कोरड्या रुळांवर गाडी एकूण 10-11 मीटरमध्ये थांबावी. रूळ ओले होऊन पकड तिसऱ्या हिश्श्यावर आली की 20 मीटरही पुरत नाहीत. आम्ही दोन गाड्यांमध्ये जेमतेम दहा मीटर ठेवले होते.

शेवटच्या थांब्यावर तिथल्या माणसाला मी एवढंच म्हटलं, की निघण्याआधी प्रत्येकाकडून एकदा तरी ब्रेक लावून घ्या, आणि अंतर आकड्यात सांगा. त्याने ऐकून घेतलं. गाड्या फिरवून परत निघताना आम्ही रांगेत शेवटी थांबलो, पुढची गाडी बरीच लांब जाऊ दिली. पाय आत घेऊन बसलेली आई प्रत्येक वळणाआधी म्हणत होती, "ब्रेक घे रे."